केंट स्टेटचा फोटो, त्यातला खांब आणि वर्गात अडकलेला प्रश्न (लांब आहे, चहा घेऊन बसा)

बालाघाटी
नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईकडं एका ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवतो, इथं बऱ्याच जणांना माहितीय. मागच्या आठवड्यात व्हिएतनाम चालू होतं. म्हणलं पोरांना नुसत्या तारखा देऊन काय उपयोग, म्हणून प्रोजेक्टरवर तो फोटो लावला, ४ मे १९७० चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठातला. रस्त्यावर एक पोरगा पालथा पडलाय अन् त्याच्याशेजारी एक पोरगी गुडघ्यावर बसून हात पसरून ओरडतेय. वर्ग एकदम गप्प. आमचा वर्ग गप्प बसणं म्हणजे बीड जिल्ह्यात वेळेवर पाऊस.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एकजण म्हणतो, "सर, फोटो एडिट केलेलाय." मला वाटलं आता हे व्हॉट्सॲपचं काहीतरी काढणार. पण त्यानं स्वतःच्या मोबाईलवर तोच फोटो काढून दाखवला. माझ्या फोटोत पोरीच्या डोक्याच्या बरोब्बर मागं कुंपणाचा एक खांब, डोक्यातून उगवल्यासारखा, आणि त्याच्या फोटोत खांब गायब. रात्री बसून शोधलं तर पोरगं बरोबर निघालं. मूळ फोटोत खांब आहे. फोटो काढला जॉन फिलो नावाच्या तिथल्याच फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यानं, पत्रकारितेचं पुलित्झर बक्षीस मिळालं त्याला. नंतर कुणीतरी दिसायला बरं दिसावं म्हणून खांब पुसला अन् तोच पुसलेला फोटो मोठमोठ्या मासिकांत छापून आला. म्हणजे मेलेला पोरगा खरा, रडणारी पोरगी खरी, खांब तेवढा खोटा गायब.

तर धागा खांबासाठी नाही काढला. पुढं काय झालं ते ऐका. मी सांगितलं की राष्ट्राध्यक्ष निक्सननं ३० एप्रिलला टीव्हीवर येऊन सांगितलं की आता सैन्य कंबोडियातही घुसवलंय, युद्ध संपवतो म्हणून निवडून आलेला माणूस, म्हणून पोरं भडकली. १ मेच्या रात्री गावात दुकानांच्या काचा फुटल्या, २ तारखेला कॅम्पसवरची लष्करी शिक्षणाची लाकडी इमारत जाळली, आग विझवायला आलेल्या बंबाचे पाईप कापले. महापौरानं नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, मागवलं. ४ तारखेला दुपारी सभा होती तिला बंदी घातली तरी दोनेक हजार पोरं जमली. काही निषेधाला, काही बघायला, काही नुसतीच तासाला चाललेली. आणि १३ सेकंदात गार्डच्या ६७ गोळ्या. ४ मेले, ९ जखमी.

एकानं विचारलं, "सर, फायर असं म्हणलं कोण?" मी म्हणलं, ५० वर्षं उलटून गेली, कोर्टकचेऱ्या झाल्या, टेप ऐकून झाल्या, अजून पक्कं ठरलेलं नाही. तर पुढच्या बाकावरची एक मुलगी, एरवी वर्षभर तोंड न उघडणारी, म्हणते, "मग भरलेल्या बंदुका घेऊन कॉलेजात जा असं कोण म्हणलं, ते तर माहीत असंल ना?"

मी तिथंच थांबलो. घंटा वाजली म्हणून वाचलो खरं तर. आता शनिवारी परत तास आहे. तुमच्याकडं काय आहे ते सांगा.

मांजराकाठ
सर, तुमचा आदर आहे पण स्पष्ट बोलतो. माझा पोरगा लातूरला क्लासला आहे, खोलीभाडं, मेस, फी मिळून किती जातंय ते मलाच माहीत. पोरं शिकायला पाठवलेली असतात, जाळपोळ करायला नाही. इमारत जाळली, बंबाचे पाईप कापले हे तुम्हीच लिहिलंय. मग सरकारनं काय आरती ओवाळायची का? सैन्यावर दगड मारल्यावर सैन्य काय करणार?

सोयाबीन_बाजारभाव
+१ आणि -१ दोन्ही. माझा पोरगा पण लातूरलाच आहे, तो कुठलंच आंदोलन करीत नाही, तो झोपतो.

ओहायोकर_नांदेडी
मी इथं जवळच राहतो, ॲक्रनला, केंट म्हणजे गाडीनं वीस मिनिटं. मूळचा नांदेडचा, वजिराबादचा. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, एका मित्राच्या पोराची ॲडमिशन बघायला गेलो होतो, गाडी लावायला जागा शोधत होतो तर पार्किंगमधे मधेच चार ठिकाणी छोटे छोटे खांब लावून जागा अडवलेल्या. मला वाटलं काम चाललंय. मित्र म्हणला, इथं पोरं पडली होती. ॲलिसन क्राउस, जेफ्री मिलर, सँड्रा शॉयर, विल्यम श्रोडर. प्रत्येकाच्या जागेवर आता गाडी लावत नाहीत. हे पण लगेच झालं नाही बरं का, १९९९ ला केलं, म्हणजे २९ वर्षं लोक त्या जागेवर गाड्या लावीत होते.

३ मेच्या रात्री मेणबत्त्या घेऊन पोरं कॅम्पसला फेरी मारतात अन् मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या चार जागांवर आळीपाळीनं उभी राहतात. मी एकदा अर्धा तास उभा होतो. मे महिना असून थंडी होती, आपल्याकडं त्या वेळी ४२ असतंय.

मांजराकाठ भाऊ, एक सांगतो. त्या चौघांतले दोघं तर आंदोलनात पण नव्हते. सँड्रा शॉयर पुढच्या तासाला चालली होती, ती गार्डपासून ३९० फुटांवर होती. श्रोडर ३८२ फुटांवर, आणि तो तर स्वतःच लष्करी शिक्षण घेत होता, ज्या विभागाची इमारत जळाली त्याच विभागाचा विद्यार्थी! त्याला गोळी पाठीत लागली. चौघांत सगळ्यात जवळ पडलेला मिलर, तो पण २६५ फूट. आपल्या झेडपी शाळेचं ग्राउंड आडवं केलं तर भरंल तेवढं. तिथून दगड कसा लागतो हो?

मांजराकाठ
फुटांचं माहीत नव्हतं. पण सगळेच काय पाठ करून उभे नव्हते.

राखीव_गट
मी सहसा लिहीत नाही, वाचतो. राज्य राखीव दलात ३१ वर्षं काढली, जालन्यातून रिटायर झालो. ह्या विषयावर लिहावं वाटलं कारण इथं लोक दोन गोष्टी धरून बोलतात, एक तर पोलीस राक्षस नाहीतर पोरं गुंड, आणि बंदोबस्त म्हणजे काय असतो ते दोघांनाही माहीत नसतं.

सरांनी लिहिलं नाही ते मी लिहितो. ते गार्डचे जवान केंटला यायच्या आधी कुठं होते? ट्रकवाल्यांचा संप चालू होता ओहायोत, त्याच्या बंदोबस्ताला बरेच दिवस जुंपलेले, तिथून सरळ इकडं. झोप नाही. ज्यानं सणावाराला सलग चार दिवस बंदोबस्त केलाय त्याला विचारा, चौथ्या दिवशी माणूस माणूस राहत नाही, पायातले बूट पण दुश्मन वाटतात. त्यात ही पोरं म्हणजे पक्के सैनिक नव्हेत. त्या काळात कितीक जण व्हिएतनामला जावं लागू नये म्हणूनच नॅशनल गार्डमधे भरती व्हायचे. म्हणजे गंमत बघा, एकीकडं युद्ध नको म्हणणारी पोरं, दुसरीकडं युद्धावर जायला नको म्हणून वर्दी घातलेली पोरं, वय पण थोडंफार तेवढंच.

आता तिथं काय चुकलं ते आमच्या भाषेत. आधी अश्रुधूर सोडला, पण वारा होता, धूर उडून गेला आणि पोरांनी नळकांडी उचलून परत फेकली. हे आमच्याकडं पण होतं, वारा बघूनच शेल सोडायचा असतो. मग संगिनी लावून टेकडीवरून पुढं सरकले अन् पलीकडं उतरून फुटबॉलच्या सरावाच्या मैदानात जाऊन उभे राहिले. तिथं कुंपण! म्हणजे समोर कुंपण, मागं चढ, बाजूला पोरं. दहाएक मिनिटं तिथं अडकून उभे. बंदोबस्तात पहिला धडा असतो, जमावाला पळायला रस्ता ठेवा आणि स्वतःलाही ठेवा. इथं अधिकाऱ्यानं स्वतःचीच तुकडी दावणीला बांधली. मग मान खाली घालून परत टेकडी चढायची, मागून पोरं हुर्यो करणार, तोंडावर गॅसचा मास्क, मास्कमधून धड बाजूचं दिसत नाही. वर पोचले, वळले आणि २८ जणांनी फायर केलं. काहींनी हवेत केलं, काहींनी जमिनीत, काहींनी पोरांत.

मी त्यांची बाजू घेत नाही. पुढचं वाचा. आमच्या ड्रिलमधे जमावावर फायर म्हणजे शेवटची पायरी. आधी इशारा, भोंग्यावरून, बॅनर दाखवून. मग लाठी, मग गॅस. आणि गोळी झाडायचा हुकूम नाव घेऊन दिला जातो, अमका, एक राउंड. सगळ्यांनी मिळून धडाधड असलं नसतंय. नंतर प्रत्येक रिकामी पुंगळी शोधून मोजून जमा करावी लागते, एक कमी पडली तर रात्रभर बॅटरी घेऊन गवतात हुडकायची. ६७ राउंड गेले आणि कुणाचंच नाव घेतलं नव्हतं, ह्याला फायरिंग म्हणत नाहीत, ह्याला तुकडी हातातून गेली म्हणतात.

आणि त्या मुलीचा प्रश्न एकदम बरोबर आहे. त्यांच्याकडं एम-१ रायफल होती, लढाईची. ती गोळी ३९० फुटांवर काय, त्याच्या कितीतरी पुढं माणूस पाडते. हातात लाठी असती तर लाठी चालली असती. माणूस भ्यायला की हातात जे असतंय तेच चालतंय.

सोयाबीन_बाजारभाव
काका हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवला पाहिजे.

निळी_पाटी
सर धागा चांगला आहे. पण एक विचारते, तुम्ही वर्गात जॅक्सन स्टेट दाखवलं का? नसंल दाखवलं, कुणीच दाखवत नाही. केंटनंतर अकराच दिवसांनी, १५ मेच्या मध्यरात्रीनंतर, मिसिसिपीत जॅक्सन स्टेट कॉलेजात पोलिसांनी मुलींच्या होस्टेलवर, अलेक्झांडर हॉल, गोळ्या झाडल्या. ४०० च्या वर गोळ्या, अर्ध्या मिनिटात. दोघं मेले, फिलिप गिब्स २१ वर्षांचा आणि जेम्स अर्ल ग्रीन १७ वर्षांचा. हा ग्रीन तर शाळेत जाणारा पोरगा, किराणा दुकानातलं काम संपवून घरी चालला होता. १२ जखमी. कॉलेज काळ्यांचं. तिथं भडका फक्त युद्धाचा नव्हता, रस्त्यानं जाणारे गोरे गाडीवाले पोरांना त्रास द्यायचे तो राग होता. पण देश तोच, वर्ष तेच, बंदूक तीच. फोटो नाही त्यामुळं कुणाच्या लक्षात नाही. होस्टेलच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत म्हणतात अजून.

आपल्याकडं पण हेच आहे. आमच्या विद्यापीठाच्या गेटवर दर १४ जानेवारीला लाखो लोक येतात. का येतात ते वर्गातल्या किती पोरांना माहितीय? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडाभर वस्त्या जळाल्या, पोचिराम कांबळेंना मारलं, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. माझी आई १९७८ ला आठवीला होती, वस्ती सोडून मळ्यात जाऊन राहिले होते. ती अजूनही उन्हाळ्यात कुठं पाचट पेटवलं अन् धूर दिसला तरी दाराची कडी बघते. तिचा फोटो कुणी काढला नाही.

बालाघाटी
ताई, जॅक्सन स्टेट नव्हतं दाखवलं. खरं सांगतो, नाव माहीत होतं, पण पूर्ण असं माहीत नव्हतं. शनिवारी दाखवतो.

मांजराकाठ
विषय कुठून कुठं चाललाय. नामांतर अन् व्हिएतनामचा काय संबंध. आणि आणखी एक, पोरं तरी धुतल्या तांदळाची का? त्याच वर्षी ऑगस्टमधे विस्कॉन्सिन विद्यापीठात युद्धविरोधी पोरांनी गाडीत बॉम्ब ठेवून इमारत उडवली की. लष्करासाठी गणित करणारं केंद्र उडवायचं होतं म्हणे, आणि मेला कोण, तर रॉबर्ट फासनॅक्ट नावाचा भौतिकशास्त्रज्ञ, ३३ वर्षांचा, तीन लेकरांचा बाप, पहाटे प्रयोग करीत बसलेला. त्याचा अन् युद्धाचा काडीचा संबंध नव्हता. त्याच्यासाठी कोण मेणबत्त्या लावतं?

निळी_पाटी
भाऊ हे बरोबर आहे, मी नाकारत नाही. पण तुम्हीच बघा, फासनॅक्टच्या खुन्यांना पोलिसांनी हुडकलं, जेलात टाकलं, चौघांतला एक तर कायमचा फरार. केंटच्या चौघांसाठी किती जेलात गेले?

काळा_कोट
शून्य. हे माझं क्षेत्र म्हणून लिहितो. आधी काय झालं माहितीय का, ऑक्टोबर १९७० ला ओहायोच्या ग्रँड ज्युरीनं, म्हणजे खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं, २५ जणांवर आरोप ठेवले, त्यात विद्यार्थी आणि एक प्राध्यापक. गार्डचा एकही नाही! मेले ते विद्यार्थी, आरोपीही विद्यार्थी. मग १९७४ ला केंद्राच्या पातळीवर ८ गार्डवाल्यांवर खटला उभा राहिला तर जजनं सरकारी पक्षाचा पुरावा झाल्यावरच केस काढून टाकली. शेवटी १९७९ ला दिवाणी दाव्यात तडजोड, सगळ्यांना मिळून ६ लाख ७५ हजार डॉलर. त्यातले सगळ्यात जास्त डीन केलर नावाच्या पोराला, कारण तो कमरेखाली कायमचा लुळा झाला. आणि मेलेल्या चौघांच्या घरच्यांना प्रत्येकी १५ हजार डॉलर. सोबत एक निवेदन, की असं व्हायला नको होतं, आम्हाला खेद आहे. माफी हा शब्द नाही त्यात. वकील लोक शब्द कसे निवडतात बघा.

आपल्याकडं जमाव पांगवायचा कायदा आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२९ होतं, आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १४८. गाभा तोच, आधी पांगायचा हुकूम आणि नाही ऐकलं तर बळ. राखीव_गट काकांनी सांगितलेल्या पायऱ्या ह्याच्यावरच उभ्या आहेत.

राखीव_गट
बरोबर वकीलसाहेब. पण कलम पुस्तकात असतंय, बंदोबस्तात फौजदाराचा आवाज असतोय.

एक_वाचक
२०१९ ला दिल्लीत जामियाच्या लायब्ररीत काय झालं ते पण लिहा मग. तिथं पण कुलगुरू म्हणाल्या की आमची परवानगी न घेता पोलीस आत आले.

मांजराकाठ
आलं! वाटच बघत होतो.

पहारेकरी (संपादक)
मंडळी, आजच्या पक्षांवर धागा नेऊ नका, मागच्या वेळी काय झालं आठवतंय ना, १४० प्रतिसाद उडवावे लागले आणि दोन सदस्य अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. जामियाचा उल्लेख राहू देतो, घडलेली गोष्ट आहे, पण पुढची भांडणं वेगळ्या धाग्यावर.

आबा_वसमतकर
बालाघाटी सर, मी ७२ वर्षांचा आहे, नातू टाईप करून देतोय, चुका त्याच्या.

तुम्ही सगळे अमेरिकेत फिरलालाव, वसमत इथंच आहे. १९७४. त्या वेळी मराठवाडा विकास आंदोलन पेटलं होतं. सुरुवात पोरांनीच केली. परभणीला कृषी विद्यापीठ नवंनवं झालेलं, नोकऱ्यांत आमची पोरं दिसत नव्हती, हा राग होता. मग ब्रॉडगेज, कारखाने, विकास मंडळ, एकेक मागणी जोडत गेली, मोठी माणसं नंतर आली, गोविंदभाई वगैरे. मी तेव्हा कॉलेजात. वसमतला गोळीबार झाला आणि विद्यार्थी गेले.

मी त्या दिवशी गावात होतो पण चौकात नव्हतो, कामून तर आईनं सकाळी ज्वारीच्या पोत्याला हात लावायला थांबवलं होतं. आवाज आला तेव्हा आम्हाला वाटलं कुणाच्या लग्नाचे फटाके. आमच्या गल्लीत त्या दिवशी कुणाकडं लग्न नव्हतं, ते नंतर लक्षात आलं. मी आजवर कुणालाच हे सांगितलं नाही, त्या पोत्याचं. मला लाज वाटायची की मी नव्हतो, आता वाटतं बरं झालं नव्हतो, अन् असं वाटलं की परत लाज वाटती.

त्याच्याही आधी, १९३८ ला निजामाच्या राज्यात, औरंगाबादच्या कॉलेजच्या होस्टेलवरून वंदे मातरम् म्हणू द्या म्हणून पोरांनी सुरू केलं, उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेलं, शेकडो पोरं काढून टाकली. मग नागपूर विद्यापीठानं घेतलं त्यांना. पुढं पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यातलेच. आमचे मास्तर म्हणायचे, निजामानं पोरांना काढलं पण पोरांवर गोळी नाही झाडली, ते काम पुढं आपल्यांनी केलं. मास्तर फटकळ होते.

मांजराकाठ
आबा, नमस्कार. तुमच्यापुढं मी काय बोलणार.

एक खरं सांगतो. माझ्या बहिणीचा पोरगा युक्रेनला एमबीबीएसला होता, २०२२ ला बॉम्ब पडत होते तेव्हा तळघरातून फोन करायचा. खार्किवला कर्नाटकातला पोरगा गेला त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नव्हती, आम्हाला तो आणि आपला एकच वाटला. युद्धाच्या विरोधात कुणी बोलू नये असं माझं म्हणणं नाही. मला भीती वाटते फक्त. पोरगा एकच आहे.

ओहायोकर_नांदेडी
भाऊ, भीती तेव्हाच्या आईबापांना पण होती, आणि वर एक कारण होतं. १ डिसेंबर १९६९ ला तिथं टीव्हीवर लॉटरी काढली, जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून, कुणाचा नंबर आधी लागणार सैन्यात जायला. पहिली चिठ्ठी १४ सप्टेंबर. म्हणजे ज्याचा वाढदिवस १४ सप्टेंबर तो पहिला. अठरा वर्षांचं पोरगं युद्धावर पाठवायचं चालत होतं पण मत द्यायला एकवीस लागायची, ते १९७१ ला बदललं. मग ते रस्त्यावर येणार नाही तर कुठं येणार, मतपेटीजवळ तर उभं करीत नव्हते.

आणि ऐकून वाईट वाटेल, पण तेव्हाचे सगळे आईबाप तुमच्यासारखे नव्हते. गोळीबारानंतर गॅलप या जनमत चाचणीवाल्या संस्थेनं लोकांना विचारलं, चूक कुणाची. ५८ टक्के म्हणाले विद्यार्थ्यांची. ११ टक्के म्हणाले गार्डची. चार पोरं मेल्यावर हं.

सोयाबीन_बाजारभाव
इच्चीमाय. ५८?

बालाघाटी
हो, ५८. आणि हे आपोआप नाही झालं. गोळीबाराच्या आदल्या दिवशी ओहायोचा गव्हर्नर र्‍होड्स केंटला येऊन पत्रकारांसमोर टेबलावर मूठ आपटून म्हणाला होता की ही पोरं आपण पोसलेली सगळ्यात वाईट माणसं आहेत, हिटलरच्या तपकिरी शर्टवाल्यांपेक्षा वाईट. निक्सननं पण कंबोडियाच्या दुसऱ्या दिवशी कॅम्पसवरच्या पोरांना फालतू, भटके म्हणून घेतलं होतं. तुकडीतला जवान हे सगळं ऐकूनच टेकडी चढत असतो ना. त्याला आधीच सांगितलेलं असतं की समोर विद्यार्थी नाहीत, दुसरंच काहीतरी आहे.

मी मधे बरंच वाचलं म्हणून आणखी एक सांगतो. गोळीबार झाल्यावर पोरं हलायला तयार नव्हती, बसून राहिली, मारा आम्हाला पण म्हणून. गार्ड परत पुढं सरकणार होते. तिथं भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक होते, ग्लेन फ्रँक. ते आधी गार्डच्या अधिकाऱ्याकडं गेले, थोडा वेळ द्या म्हणाले, मग पोरांकडं येऊन रडत रडत विनवलं, तुम्ही आत्ता उठला नाहीत तर कत्तल होईल, ऐका माझं. पोरं उठली. शिक्षक म्हणून मला हा माणूस सगळ्यात जवळचा वाटतो. त्यानं कुणाची बाजू बरोबर हे नाही सांगितलं, फक्त उठा म्हणला. मला जमलं असतं का? आमच्या इथं दहावीच्या कॉपीवर दोन पोरं भांडली तर मी चपराशाला पाठवतो.

विद्यापीठ मग सहा आठवडे बंद. पोरांनी उरलेला अभ्यास पोस्टानं पूर्ण केला, काहींचे तास प्राध्यापकांच्या घरी झाले. देशभर शेकडो कॉलेजं संपावर गेली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं. राष्ट्राध्यक्षानंच नेमलेल्या स्क्रँटन आयोगानं काय म्हणलं तर गोळीबार अनावश्यक, असमर्थनीय आणि अक्षम्य. पण माझं लक्ष दुसऱ्याच वाक्यावर गेलं. त्यांनी लिहिलं की विद्यार्थ्यांसमोर जाणाऱ्या जवानांना सरसकट भरलेल्या रायफली द्यायची ही शेवटची वेळ असायला हवी. सरसकट! म्हणजे बाई, तुझं उत्तर असं आहे की ते एका माणसानं त्या दिवशी ठरवलंच नव्हतं. तो तिथला रिवाज होता. गोदामातून रायफल निघाली की गोळ्यांसकट निघायची. फायर कोण म्हणलं हे हुडकायला पन्नास वर्षं गेली, आणि जे खरं ठरलं होतं ते कुण्या एका कारकुनाच्या रजिस्टरमधे रोजच ठरत होतं.

राखीव_गट
हेच. शस्त्रागारातून काय बाहेर काढलं ते रजिस्टरवर असतंय. चौकशी तिथून सुरू करावी, टेकडीवरून नाही.

निळी_पाटी
आणि २०२४ ला काय केलं? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गाझाच्या युद्धाविरुद्ध पोरांनी तंबू टाकले, हॅमिल्टन हॉलचा ताबा घेतला, ३० एप्रिलला पोलिसांनी आत घुसून पोरं काढली. १९६८ ला ह्याच विद्यापीठात व्हिएतनामविरोधी पोरं काढली ती तारीख पण ३० एप्रिलच, ७०० च्या आसपास अटका. २०२४ ला देशभरातल्या कॅम्पसवर तीन हजारांच्या वर अटका झाल्या. पण गोळीनं कुणी मेलं नाही, हे मान्य करावं लागेल.

ओहायोकर_नांदेडी
हो, आणि आपल्याकडून आलेली पोरं तेव्हा तिथून लांब लांब चालायची. व्हिसाची भीती. माझ्याकडं जेवायला येणारी तेलुगू-मराठी पोरं आहेत, त्यांच्या आया फोनवर पहिलं हेच विचारायच्या, तू त्या तंबूकडं जात नाहीस ना. जेवलास का हे दुसरं.

फोटोवाली_मीरा
सगळं वाचलं पण कुणीच सांगितलं नाही, फोटोतल्या पोरीचं काय झालं?

बालाघाटी
वर्गात पण हाच प्रश्न आला होता. ती विद्यार्थिनी नव्हतीच. मेरी अ‍ॅन वेकियो, १४ वर्षांची, फ्लोरिडातून घरातून पळालेली, फिरत फिरत तिथं पोचलेली. फोटो छापून आल्यावर ओळख पटली अन् घरी नेऊन सोडली. फ्लोरिडाच्या गव्हर्नरनं तर तिला कम्युनिस्टांच्या कटातली म्हणून टाकलं, चौदा वर्षांच्या पोरीला. शिव्यांची पत्रं यायची घरी. पुढं मोठेपणी ती दवाखान्यात श्वसनाच्या रुग्णांवर उपचार करायचं काम शिकली. फोटो काढणारा फिलो आणि ती प्रत्यक्ष भेटले १९९५ ला, २५ वर्षांनी.

बालाघाटी
अपडेट. शनिवारचा तास झाला. राखीव_गट काका जालन्याहून एसटीनं आले, प्रिन्सिपॉलची परवानगी काढली होती, मुद्दाम साध्या कपड्यात आले. येताना वेताची ढाल कुठून तरी मागून आणली होती, एसटीत कंडक्टरनं तिचं लगेज लावलं म्हणे. पोरांनी ती हातात घेऊन बघितली, जड वाटली त्यांना. जॅक्सन स्टेट पण सांगितलं. एका पोरानं काकांना विचारलं, तुम्ही कधी गोळी झाडली का. काका म्हणाले, एकदा पाच राउंड मिळाले होते, एका कॉलेजच्या गेटवर, पाचही परत जमा केले, सही आहे माझी. मग पाणी मागितलं.

प्रश्न विचारणारी मुलगी आज आली नव्हती. घरी हरभरा काढायला होती.

सोयाबीन_बाजारभाव
ढालीचं लगेज? कमाल आहे महामंडळाची.

आबा_वसमतकर
सर, पोरांना घेऊन एकदा वसमतला या. चौक मी दाखवतो. मी कधीही मोकळाच असतो, फक्त दुपारी दोन ते चार नको.